तंजावर एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तामिळनाडूच्या सहलीत मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी ही नावे आधीच ठरलेली असतात आणि तंजावरच्या वाट्याला मधला एखादा दिवस येतो, कधी कधी तर अर्धाच. तेवढ्या वेळात काय पाहावे, कशापुढे थांबावे आणि काय खुशाल सोडून द्यावे, याबद्दल मराठी प्रवासी जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. हे गाव भिंती वाचत पाहावे, असे माझे ठाम मत आहे. इथल्या दगडांवर जितके लिहिलेले आहे तितके फार थोड्या ठिकाणी सापडते, आणि त्यातले बरेचसे आपल्या भाषेत आहे.

तंजावरला एक दिवस पुरतो का?

शहरापुरता पुरतो. बृहदीश्वराचे देऊळ, राजवाडा आणि त्यातले सरस्वती महाल ग्रंथालय या तीन जागा मुख्य. तिन्ही जवळजवळ आहेत, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या आत. आजूबाजूची चोळ देवळेही बघायची असतील तर मात्र आणखी एक दिवस हवा. त्याच दिवशी सगळे कोंबू नका. मग काहीच धड बघून होत नाही.

आमच्याकडे अर्धाच दिवस आहे. देऊळ की राजवाडा?

देऊळ. सकाळ असेल तर सहाला आत शिरा, संध्याकाळ असेल तर चारला. राजवाड्यासाठी तास-दीड तास उरलाच, तर फक्त कलादालन बघा.

पोहोचायचे कसे?

जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, सुमारे साठ किलोमीटरवर. मुंबई-पुण्याहून येणारे बहुतेक जण चेन्नईपर्यंत विमानाने येतात आणि तिथून रात्रीची रेल्वे पकडतात. चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून सुटणारी उळवन एक्स्प्रेस पहाटे तंजावरला सोडते आणि एका दिवसाच्या भेटीसाठी हीच वेळ सोयीची. स्थानकावरच्या प्रतीक्षालयात आवरून थेट देवळात जाता येते. तिरुचिरापल्लीहून बसही सतत असतात. पण बसने आलात तर नवे बसस्थानक गावाबाहेर आहे हे लक्षात असू द्या. देवळाजवळचे ते जुने बसस्थानक.

कोणत्या महिन्यात जावे?

डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. एप्रिल-मे टाळाच. कावेरीच्या खोऱ्यातली दमट उष्णता आणि अनवाणी चालायचे तापलेले दगड यांपुढे उत्साह टिकत नाही.

जानेवारीच्या मध्यात जमत असेल तर पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला, देवळात असा. तिथल्या अजस्र नंदीला त्या दिवशी भाज्या, फळे आणि मिठाईने मढवतात. गर्दी खूप असते, पण गावातल्या लोकांसाठी हे आजही चालते-बोलते देऊळ आहे हे त्या दिवशी नीट कळते.

देवळाच्या वेळा आणि तिकीट?

सकाळी सहा ते दुपारी साडेबारा, मग चार ते रात्री साडेआठ. प्रवेशाला तिकीट नाही. अनेकांचे वेळापत्रक इथेच फसते: ते दुपारी एकला पोहोचतात आणि बंद दारापुढे उभे राहतात.

मग दिवसाचा क्रम कसा लावावा?

देवळात दोनदा जा. सहा ते साडेआठ पहिली फेरी, मग न्याहारी, नऊच्या पुढे राजवाडा आणि ग्रंथालय, दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती, साडेचारला पुन्हा देऊळ. देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळचे ऊन दर्शनी बाजूवर पडते, संध्याकाळी मागच्या ओवऱ्यांवर आणि विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराच्या, पश्चिम अंगावर. सकाळी करडा दिसलेला दगड संध्याकाळी मधाच्या रंगाचा होतो. शिवाय सकाळी नजर वर असते, शिखराकडे. भिंतीवरची अक्षरे दिसायला लागतात ती दुसऱ्या फेरीत.

देऊळ कोणी आणि कधी बांधले?

राजराज चोळ पहिला याने. त्याचे राज्य ९८५ ते १०१४ असे होते. आपल्या पंचविसाव्या राज्यवर्षाच्या २७५ व्या दिवशी त्याने विमानावर बसवण्यासाठी सोन्याने मढवलेला तांब्याचा कळस दिला, अशी नोंद देवळावरच आहे, म्हणजे साल १०१०. विमानाची उंची २०० फुटांच्या वर, आणि सगळे बांधकाम ग्रॅनाइटचे. हा दगड तंजावरच्या सपाट भातशेतीच्या मुलखात मिळत नाही. तो तिरुचिरापल्ली आणि पुदुक्कोट्टै भागातून आणला गेला. आपली सह्याद्रीतली देवळे बसाल्टची. ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांनी ग्रॅनाइटच्या एखाद्या मूर्तीजवळ जाऊन बोटांची पेरे, दागिन्यांच्या कडा बघाव्यात. इतक्या कठीण दगडात इतकी तलम रेघ कशी काढली असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत हे देऊळ राजराजाने बांधले हे लोक विसरून गेले होते. स्थळपुराणात भलत्याच राजाचे नाव होते. हुल्श या जर्मन विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंतींवरचे लेख वाचले, तेव्हा बांधणाऱ्याचे नाव परत मिळाले. ते नाव भिंतीवर होतेच, वाचणारे कोणी नव्हते.

१९८७ मध्ये युनेस्कोने देवळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम इथली देवळे त्यात जोडली गेली.

आत शिरताना काय बघावे?

रस्त्यावरून येताना पहिला दरवाजा मराठेकालीन आहे. त्यानंतर केरळांतकन तिरुवासल, केरळच्या विजयाच्या नावाचे गोपुर. मग राजराजन तिरुवासल. या दुसऱ्या गोपुराशी थांबा. दोन्ही बाजूंना एकसंध दगडाचे प्रचंड द्वारपाल आहेत. त्यांच्या पायाशी साप हत्ती गिळताना दाखवला आहे. सापाच्या तोंडात हत्ती मावतो, मग साप केवढा, असा साप ज्याच्या पायाशी तो द्वारपाल केवढा, आणि हा ज्याचा नुसता दारवान तो आतला देव केवढा? वाटाडे हे मोठ्या रंगात येऊन सांगतात आणि ते ऐकण्यासारखे असते. त्याच गोपुराच्या जोत्यावर शिवकथांचे छोटे पट कोरले आहेत. मार्कंडेयाची गोष्ट त्यात शोधा.

आवारात आल्यावर समोरचा नंदी एकाच दगडाचा आहे, पण तो चोळांचा नव्हे, नंतरच्या नायक राजांच्या काळातला. वायव्येचे सुब्रह्मण्याचे नाजूक देऊळही नायककालीन. देवीचे देऊळ पांड्यांच्या काळातले, तर नैर्ऋत्येचा गणपती तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या काळातला. म्हणजे एकाच आवारात आठशे वर्षांत चार राजवटींनी भर घातली आणि आधीच्यांचे काम मोडले नाही.

शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरे का?

नाही. सावली पडते, सकाळी किंवा संध्याकाळी स्वतः बघा.

आणि वरचा ८० टनांचा अखंड दगड?

ही गोष्टही सगळीकडे सांगतात, सहा किलोमीटर लांबीच्या उतारावरून हत्तींनी तो वर नेल्याच्या तपशिलासह. वरचा घुमटाकार भाग एकाच दगडाचा नसून तुकडे जोडून केलेला आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्याने देवळाचे मोठेपण कमी होत नाही. आतून पोकळ असलेले एवढे विमान, दगडावर दगड रचत, वर निमुळते करत नेणे हे खरे कौशल्य. त्यापुढे एका दगडाचे वजन ही किरकोळ बाब आहे.

भिंतींवर एवढे काय लिहिले आहे?

जोत्याच्या पट्ट्यांवर, हाताला लागेल इतक्या उंचीवर, जुन्या तामिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी चालत गेलेल्या दिसतील. तामिळ येत नसेल तरी त्यात काय आहे हे माहीत असावे, कारण दुसऱ्या कुठल्या देवळाने आपला जमाखर्च इतका उघड मांडलेला नाही.

सुरुवातीलाच राजाची आज्ञा आहे: आम्ही दिलेले, आमच्या अक्काने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतर देणाऱ्यांनी दिलेले असे सगळे या विमानावर दगडात कोरा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. मोठ्या राजाने स्वतःच्या नावाला लागून बहिणीचे नाव घातले, आणि शेवटी 'इतर देणारे' यांनाही जागा ठेवली. मग दानांची यादी सुरू होते. दागिन्यांत मोती किती, माणके किती, वजन किती. नंदादीपासाठी मेंढपाळांकडे सोपवलेल्या मेंढ्या, एका दिव्याला ९६.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतो तो ४०० नर्तकींचा लेख. चोळ देशातल्या निरनिराळ्या देवळांमधून त्यांना इथे आणून वसवले. प्रत्येकीचे नाव, ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली ते, आणि तिला मिळालेले घर, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ओळीत, कितवे, हे सगळे कोरलेले आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचे जुने माप) भात. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांची नावे पत्त्यासकट आजही वाचता येतात. राजांच्या वंशावळी पुष्कळ ठिकाणी असतात. हे मात्र फार दुर्मीळ आहे.

मराठी शिलालेख नेमका कुठे आहे?

पुष्कळ मराठी माणसे तो न बघताच परततात, म्हणून नीट सांगायला हवे. आत शिरल्यावर देवळाला उजवी घालत डावीकडून, म्हणजे दक्षिणेकडून चालत जा. मागच्या डाव्या कोपऱ्यात, नैर्ऋत्येला, प्राकाराच्या ओवऱ्यांच्या भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसू लागतात. हाच तो भोसले घराण्याचा इतिहास. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने चिटणीस बाबूराव यांनी तो रचला आणि १८०३ मध्ये तो कोरला गेला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो.

तो आपल्याला वाचता येतो का?

अक्षरे लागतात, भाषा हळूहळू लागते. शब्द न तोडता सलग लिहिलेले, वळण जुने, त्यामुळे पहिल्या ओळीला वेळ लागतो. एखादी ओळ निवडा आणि मोठ्याने वाचत जा. कानावर पडले की शब्द सुटे होतात. व्यक्तींची नावे आणि 'राजे' हा शब्द वारंवार येतो, त्याचा धागा धरून पुढे सरकता येते. हात लावू नका, खडू किंवा पाणी तर मुळीच नको. दुपारच्या उभ्या उन्हात कोरीव रेघा दिसेनाशा होतात. साडेचारनंतरचे तिरपे ऊन त्यासाठी उत्तम.

कोरल्याचे साल ध्यानात घेऊन तो वाचावा. १७९९ मध्ये कंपनी सरकारने राज्याचा कारभार काढून घेतला होता. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला आणि नेमणूक एवढेच उरले होते. त्यानंतर चार वर्षांनी या राजाने घराण्याचा सगळा इतिहास दगडावर घालून ठेवला, आणि तोही राजराजाच्या लेखांच्या सोबतीला, त्याच आवारात. आपल्यानंतर काय टिकेल याचा त्याने नेमका विचार केला होता, असे मला वाटते.

मराठे तंजावरला आले कसे?

थोडक्यात असे. तंजावरचे नायक आणि मदुराईचे नायक यांच्या भांडणात विजापूरकरांनी व्यंकोजीराजांना, म्हणजे एकोजींना, पाठवले. शहाजीराजांचे हे पुत्र शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. १६७५-७६ मध्ये त्यांनी तंजावर स्वतःच्या हाती घेतले. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर असताना दोघे भाऊ कोल्लिडम नदीकाठी भेटले. वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून तेढ झाली, लढाईही झाली आणि पुढे समेट झाला. व्यंकोजींच्या वंशाने १८५५ पर्यंत, पावणेदोनशे वर्षांच्या वर, इथे गादी चालवली. शिवाजीराजे दुसरे यांना मुलगा नव्हता, म्हणून कंपनीने ती खालसा केली.

आपल्या शालेय इतिहासात या घराण्याला एखादी ओळ मिळते. याच दरबारात व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या काळी, १६८४ ते १७१२ या दरम्यान, मराठी नाटके लिहिली गेली. सांगलीत विष्णुदास भावे यांचे सीतास्वयंवर रंगमंचावर आले ते १८४३ मध्ये. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटक होते, ही गोष्ट मराठी माणसाला पाठ असायला हवी.

गाभाऱ्याभोवतीची चोळ चित्रे पाहता येतात का?

सर्वसामान्य प्रवाशाला नाही. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात ती आहेत. १९३१ मध्ये गोविंदस्वामी या अभ्यासकाला नायककालीन चित्रांच्या थराखाली ती सापडली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर अलगद सोडवून खालची चित्रे उघडी केली. वरच्या मजल्यावर १०८ करणांपैकी ८१ नृत्यमुद्रा कोरल्या आहेत आणि पुढचे दगड कोरे राहिले आहेत. तेही बंदच असते. प्राकारातल्या पुरातत्त्व खात्याच्या माहिती-दालनात थोडी कल्पना येते.

विमानावर टोपी घातलेला युरोपियन माणूस आहे म्हणतात, तो कुठे?

उत्तरेच्या अंगाला, वर बघा. ही आकृती नंतरच्या काळातली आहे. राजराजाला परकीयांचे राज्य येणार हे आधीच दिसले होते, ही केवळ दंतकथा.

राजवाड्यात काय चुकवू नये?

राजवाड्याला इथे 'अरण्मनै' म्हणतात. नायकांनी तो सुरू केला, मराठ्यांनी वाढवला. वेगवेगळ्या दालनांची तिकिटे वेगळी असतात. काही भागांची पडझड झाली आहे, पायऱ्या अरुंद आहेत, पाट्याही अपुऱ्या. त्यामुळे काही जण निराश होतात. त्यांनी थेट कलादालनात जावे.

तिथे तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव आहे. साधारण १०११ सालची ही कांस्यमूर्ती. शिव एक पाय दुमडून आरामात उभा आहे, डोक्याला सापांच्या वेटोळ्यांचे पागोटे, आणि उजवा हात कोपरात वाकवून हवेत टेकलेला. हात ज्या नंदीवर टेकला होता तो नंदी आता नाही. नंदी गेला, पण टेकून उभे राहण्याची ती ढब इतकी पक्की आहे की जागा रिकामी वाटतच नाही. मूर्तीच्या मागे जाऊन पाठीची आणि कमरेची रेषा बघा. शेजारी पार्वती उभी आहे, तिच्या बोटांकडे बघा. माझ्या मते देवळानंतर तंजावरातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. पंधरा मिनिटे एकट्या या मूर्तीला द्या.

नायकांच्या दरबारात सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभा. मराठ्यांच्या दरबारातल्या रंगवलेल्या कमानी आणि खांब बघून वर मान करायला विसरू नका, छतही रंगवलेले आहे. घंटाघराचा मनोरा बाहेरून बघितला तरी चालतो.

सरस्वती महालात हस्तलिखिते बघायला मिळतात का?

प्रवाशांसाठी एक संग्रहालय-दालन आहे. निवडक ताडपत्रे, चित्रित पोथ्या, नकाशे, जुनी छापील चित्रे तिथे मांडली आहेत. आतला मुख्य संग्रह अभ्यासकांसाठी असतो. दालनात फोटो काढू देत नाहीत.

संग्रह नायकांच्या काळापासूनचा आहे, पण त्याला आजचे रूप सरफोजींनी दिले. १८२० ते १८२२ च्या काशीयात्रेतही ते पंडितांकडून पोथ्या मिळवत होते. युरोपातून मागवलेल्या पुस्तकांवर त्यांनी स्वतः इंग्रजीत सही केलेली आहे. मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात आहेत आणि त्याशिवाय राजवाड्याच्या मोडी दफ्तराचे रुमाल वेगळे. रोजचा खर्च, नेमणुका, पत्रे, सगळे त्यात आहे. मोडी शिकलेल्या तरुणांना सांगावेसे वाटते की वाचकांची वाट बघणारे एवढे मोठे मराठी दफ्तर महाराष्ट्राबाहेर शोधूनही मिळायचे नाही.

सरफोजींचा धन्वंतरी महाल होता. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसकट जपलेल्या आहेत. त्यांचा देवनागरी छापखानाही होता, आणि १८०६ मध्ये त्यात 'बालबोधमुक्तावली' हे इसापनीतीचे मराठी रूप छापले गेले. त्या वेळी पुण्यात पेशवाई होती.

शिवगंगा बागेतले चर्च बघण्यासारखे आहे का?

वीस मिनिटे असतील तर जरूर. देवळाच्या शेजारीच आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने सरफोजींना लहानपणी शिकवले. १७९८ मध्ये तो वारला. राजांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे स्मारक करवून घेतले. संगमरवरात श्वार्ट्झ अंथरुणावर आहे आणि सरफोजीराजे त्याचा हात हातात धरून उभे आहेत. राजाने गुरूच्या मृत्युशय्येशी स्वतःला असे दाखवू दिले, यात त्या माणसाचा स्वभाव कळतो. चर्च बंद असेल तर तिथल्या रखवालदाराला विचारा.

सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले, खरे का?

तंजावरच्या दरबारी संभाजीराजे पाहुणे आले, आमसूल नव्हते म्हणून चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावाने सांबार झाले, ही गोष्ट सर्वत्र ऐकू येते. तिला समकालीन लेखी आधार नाही. तंजावरी मराठी घरांतले खरे पदार्थ वेगळे आहेत. उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पचडी त्यातली एक, आणि ती आता तामिळ घरांतही करतात.

जेवायचे कुठे, काय?

दुपारी केळीच्या पानावरचे साधे जेवण, भाताच्या तीन फेऱ्यांचे: आधी सांबार, मग रसम, शेवटी ताक. भात नको असेल तर आधी सांगा, नाहीतर वाढतच राहतात. कॉफी पितळी डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, मिळाली तर ती घ्या. गोडात मुगाच्या डाळीचा अशोका हलवा, तिरुवैयारूची खासियत.

मराठी किंवा हिंदी चालते का?

रस्त्यावर तामिळ, थोडे इंग्रजी. रिक्षावाल्याला 'पेरिय कोविल' म्हटले की तो देवळात सोडतो, 'अरण्मनै' म्हटले की राजवाड्यात. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे मात्र इथे आणि सगळ्या तामिळनाडूत आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तामिळ हेल असलेली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच समाजातले. असे कोणी भेटले तर तुमची भाषा शुद्ध नाही असे चुकूनही म्हणू नका. साडेतीनशे वर्षे त्यांनी ती घरात सांभाळली आहे.

कपडे, चपला, फोटो?

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. चपला बाहेर ठेवाव्या लागतात. नऊनंतर फरशी पोळते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवा. मोजे घालून चालायला हरकत नसते. आवारात फोटो काढता येतात, गाभाऱ्यात नाही.

वयस्कर मंडळी आणि लहान मुले बरोबर असतील तर?

देवळाचे आवार सपाट आणि मोकळे आहे. गाभाऱ्याकडे जाताना मात्र उंच पायऱ्या लागतात. ओवऱ्यांत सावलीला बसता येते. राजवाड्यातल्या मनोऱ्याच्या पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसाने टाळाव्यात. मुलांना राजवाड्यातला देवमाशाचा सांगाडा दाखवा, सगळ्यांत जास्त लक्षात तोच राहतो.

काय विकत घ्यावे?

मान डोलावणारी तंजावरी बाहुली, स्वस्त आणि सुटसुटीत. तंजावर चित्र घ्यायचे असेल तर घाई नको. खऱ्या चित्रात लाकडी फळीवर उठावाचे काम करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवतात. स्वस्तात मिळते त्यात नुसता सोनेरी कागद असतो. वर्खाबद्दल लेखी हमी मागा, किंवा राज्य सरकारच्या पूम्पुहार दुकानातून घ्या. मराठा दरबाराच्या आश्रयाने ही कला बहरली. फणसाच्या लाकडाची तंजावर वीणाही इथलीच, पण ती बनताना बघायला मिळाली तरी पुष्कळ.

नृत्य-संगीताची आवड असेल तर?

पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ सरफोजींच्या दरबारात होते. आज भरतनाट्यमचा जो क्रम शिकवला जातो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तो त्यांनी बांधला. त्यागराजांची समाधी तिरुवैयारूला, बारा-तेरा किलोमीटरवर कावेरीकाठी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे आराधना होते आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या रचना गातात. तंजावरच्या मराठी कीर्तनकारांची परंपरा दक्षिणेच्या हरिकथेत मिसळली आहे. म्हणून तिथल्या भजनात मध्येच अभंग ऐकू आला तर दचकू नका.

दुसरा दिवस मिळाला तर?

गाडी ठरवा आणि आधी दारासुरमला जा, कुंभकोणमच्या अलीकडे. राजराज दुसरा याने बाराव्या शतकात बांधलेले हे देऊळ आकाराने लहान, पण कोरीव कामात तंजावरपेक्षा नाजूक आहे. मंडपाला चाके आणि घोडे जोडून त्याचा रथ केला आहे. जोत्यावर ६३ नायनार संतांच्या कथा वीतभर पट्ट्यांत कोरल्या आहेत. एक हत्ती आणि एक बैल एकाच डोक्यात दाखवणारे शिल्पही इथेच. एक बाजू झाकली की दुसरा प्राणी दिसतो. मग गंगैकोंडचोळपुरम, सुमारे सत्तर किलोमीटर. राजराजाचा मुलगा राजेंद्र याने राजधानी तिकडे हलवली. त्याच्या विमानाची रेषा वडिलांच्या विमानासारखी सरळ नसून आत वळते. उत्तरेच्या दाराशी शिव आपला भक्त चंडेश याच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतो आहे, ते शिल्प बघितल्याशिवाय निघू नका. परतताना वाकडी वाट चालत असेल तर पुन्नैनल्लूरचे मारिअम्मन देऊळ करा. ते व्यंकोजींच्या काळातले, आणि भोसले घराण्याच्या देवस्थानाकडे असलेल्या ८८ देवळांपैकी एक. ही दोन्ही चोळ देवळेसुद्धा दुपारी बंद होतात, त्यामुळे सकाळी सातच्या आत निघा.